'धोंडो' : एका दुर्मीळ होत गेलेल्या पुरुषनामाचा अर्थविचार

मराठी भाषेच्या अभ्यासात स्थलनामांचा आणि आडनावांचा विचार बऱ्यापैकी झाला आहे. व्यक्तिनामे मात्र हौशी संग्राहकांच्या हाती राहिली. 'मुलांची नावे' या प्रकारच्या पुस्तिका नावापुढे एका शब्दात अर्थ देतात आणि वाचकही तेवढ्यावर समाधान मानतो. परंतु नावाचा कोशातील अर्थ आणि ते नाव ठेवण्यामागील अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कधी कधी त्या परस्परविरोधीही असतात. 'धोंडो' हे नाव याचे उत्तम उदाहरण आहे. प्रस्तुत लेखात या नावाचा उगम, त्याचा अर्थ, त्याचा प्रसार आणि त्याचा ऱ्हास यांचा विचार करावयाचा आहे.

या विचारासाठी बदलापूरजवळील बारवी धरणाचा परिसर सोयीचा आहे. अंबरनाथ आणि मुरबाड तालुक्यांच्या या पट्ट्यात कुणबी व आगरी वस्तीची गावे आणि ठाकूर व कातकरी यांच्या वाड्या शेजारी शेजारी आहेत. त्यामुळे नामकरणाच्या निरनिराळ्या रीती येथे एकत्र पाहावयास मिळतात. आदिवासी वाड्यांमध्ये जन्मवारावरून सोमा, मंगळ्या, बुध्या अशी नावे ठेवण्याची पद्धत आहे. शेतकरी कुटुंबांत देवतानामांच्या जोडीने धोंडू, दगडू, भिकू ही नावे जुन्या पिढीत आढळतात. हे नाव या भागातील एकाच थरापुरते मर्यादित नव्हते. बारवी ज्या उल्हास नदीला मिळते, त्याच नदीच्या खोऱ्यात कर्जतजवळ वेणगाव आहे. तेथे १८२४ मध्ये जन्मलेल्या आणि १८२७ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने दत्तक घेतलेल्या नानासाहेब पेशव्यांचे नाव धोंडोपंत असेच होते. इंग्रजी कागदपत्रांतही १८५७ च्या उठावाचा हा नेता 'धोंडूपंत' म्हणून येतो. कुणब्याच्या घरात आणि पेशव्यांच्या वाड्यात एकच नाव नांदते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

व्युत्पत्तीचे तीन प्रवाह

'धोंडो' या नावात किमान तीन प्रवाह मिसळलेले दिसतात. पहिला प्रवाह 'धोंडा' म्हणजे मोठा दगड या सामान्यनामाचा. दुसरा प्रवाह पंचांगातून आलेला आहे. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौर वर्ष सुमारे ३६५ दिवसांचे. हा अकरा दिवसांचा फरक भरून काढण्यासाठी सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक महिना येतो. ज्या चांद्र महिन्यात सूर्यसंक्रांत होत नाही तो अधिक मास, आणि लोकभाषेत तोच 'धोंड्याचा महिना'. मंगलकार्यांना वर्ज्य असलेला हा महिना जावयाच्या मानाचा मात्र असतो. त्याला अनारशांचे वाण दिले जाते आणि पुरण भरलेले 'धोंडे' जेवू घातले जातात. या महिन्यात जन्मलेल्या मुलाला धोंडू किंवा धोंडीराम म्हणण्याची रीत आहे. अशा वेळी त्या नावाचा दगडाशी थेट संबंध राहत नाही. सोमा किंवा बुध्या याप्रमाणेच ते जन्मकाळाची नोंद ठरते.

तिसरा प्रवाह 'ढुंढिराज' या गणेशनामाचा. काशीतील विश्वनाथाच्या सान्निध्यातील हा गणपती. स्कंदपुराणातील काशीखंडात त्याच्या नावाचा संबंध 'शोधणे' या अर्थाच्या धातूशी जोडला आहे. मराठीत त्याचे 'धुंडिराज' झाले. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके होते. धुंडी आणि धोंडी ही रूपे उच्चाराने इतकी जवळची आहेत की घरगुती वापरात त्यांची सरमिसळ होणे स्वाभाविक होते. म्हणून प्रत्येक धोंडो 'दगड' असतो असे मानणे जसे चूक, तसेच प्रत्येक धोंडोला प्रतिष्ठेसाठी 'गणपती' ठरविणेही चूक. जन्मतिथी ठाऊक असेल तर पंचांगावरून अधिक मासाची पडताळणी करता येते. घराण्याचे कुलदैवत आणि आधी दगावलेल्या अपत्यांची नोंद पाहिली, तर इतर दोन शक्यतांविषयीही काही अनुमान करता येते.

संरक्षक नावाचे तर्कशास्त्र

यांपैकी पहिला प्रवाह अर्थदृष्ट्या सर्वांत समृद्ध आहे. ज्या घरात मुले जगत नसत, त्या घरात नवजात मुलाला मुद्दाम हलके नाव देत. दगडू, धोंडू, भिकू, केरू, कोंडू, उकिरडा ही नावे या वर्गातील होत. दगड, भीक, केर, कोंडा, उकिरडा या साऱ्या वस्तूंना बाजारात मोल नाही. मुलाचे मोल जगापासून आणि मृत्यूपासून लपवून ठेवावे, म्हणजे त्याला दृष्ट लागणार नाही आणि मृत्यूही त्याच्याकडे वळून पाहणार नाही, अशी या नामकरणामागील धारणा आहे. मुलाचे नाक टोचून त्याला नथू म्हणणे हाही त्याच फसवणुकीचा एक प्रकार. ही रीत केवळ महाराष्ट्राची नाही. बंगालमध्ये मूल कवड्यांना विकत घेतल्याचे सोंग करून एककडी, तिनकडी, पाचकडी अशी नावे ठेवीत. उत्तरेकडील हिंदी भाषक भागात घुरहू, कतवारू ही नावे उकिरडा आणि केर यांवरूनच आली आहेत.

तथापि केर किंवा कोंडा आणि धोंडा यांत एक महत्त्वाचा भेद आहे. केर टाकाऊ आहे, परंतु धोंडा टिकाऊही आहे. गृह्यसूत्रांतील जातकर्म संस्कारात पित्याने नवजात मुलासाठी म्हणावयाच्या मंत्राचा आशय असा आहे की, त्याने दगडासारखे दृढ व्हावे, परशूसारखे व्हावे. विवाहविधीतही वधूला दगडावर पाय ठेवावयास लावून स्थैर्याची इच्छा व्यक्त केली जाते. शिवाय लोकधर्मात शेंदूर लावलेला धोंडा हाच देव असतो. गावाच्या शिवेवरील म्हसोबा किंवा देवीचा तांदळा यांना घडीव मूर्तीची गरज नसते. म्हणजे 'धोंडो' या एकाच शब्दात मृत्यूसाठी तिरस्कार, जीवनासाठी आशीर्वाद आणि देवत्वाची सूचना असे तीन अर्थ एकत्र राहतात. मोलहीनतेचे सोंग आणि टिकून राहण्याची प्रार्थना एकाच शब्दात सामावल्यामुळे या वर्गातील नावांत धोंडू आणि दगडू ही अधिक रुजली असावीत.

येथे 'नकुसा' या मुलीच्या नावाशी तुलना केली म्हणजे मुद्दा स्पष्ट होतो. वरवर पाहता दोन्ही नावे नकाराची आहेत. पण धोंडू हा अतिशय हवा असलेला मुलगा आहे. त्याचे नकोसेपण हे सोंग आहे. नकुसा ही खरोखरच नको असलेली मुलगी आहे आणि तिच्या नावात सोंग नाही. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा सुमारे २८० मुलींचे समारंभपूर्वक पुन्हा नामकरण करण्यात आले. धोंडूंसाठी असा समारंभ करण्याची गरज कोणाला वाटली नाही. एकाच प्रकारची शब्दरचना लिंगभेदाने किती उलट अर्थ धारण करते याचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण.

रूपभेद आणि सामाजिक स्तर

नाव एक असले तरी त्याची रूपे एक नव्हती. धोंडो आणि धोंडोपंत ही रूपे मुख्यतः ब्राह्मण घरांतील. धोंडजी, धोंडीबा, धोंडीराम, धोंडू ही शेतकरी व कारागीर समाजांतील. आणि 'धोंड्या' हे सत्तेने कनिष्ठ ठरविलेल्याला हाक मारण्याचे रूप. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचे नाव निंदादर्शक असावे असा दंडक आहे. म्हणजे ज्या हलक्या नावाचा आधार वरच्या थरातील आईबाप मुलाच्या रक्षणासाठी स्वखुशीने घेत, तेच हलकेपण खालच्या थरावर धर्माज्ञा म्हणून लादले गेले होते. धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांच्या नावाआड पुढे 'महर्षी' आणि 'भारतरत्न' (१९५८) या उपाध्या उभ्या राहिल्या. धोंड्याच्या नावाआड असे काही उभे नव्हते. नावाचा भार त्याच्या अर्थापेक्षा प्रत्ययावर आणि हाक मारणाऱ्याच्या स्थानावर अवलंबून असतो, हे यावरून दिसते.

साहित्यातील धोंडो

मराठी वाङ्मयाने या नावाचा उपयोग तीन वेगळ्या रीतींनी केलेला दिसतो. महात्मा फुले यांच्या 'गुलामगिरी' (१८७३) मधील संवाद जोतीराव आणि धोंडीराव यांच्यात आहे. प्रश्न विचारणाऱ्या धोंडीरावाला लेखकाच्याच नावातील 'राव' हा मानदर्शक प्रत्यय मिळाला आहे. निंदादर्शक नावाच्या दंडकाच्या पार्श्वभूमीवर हे रूप अर्थपूर्ण ठरते. पु. ल. देशपांडे यांच्या 'असा मी असामी' (१९६४) मधील निवेदक धोंडो भिकाजी जोशी. येथे मुलगा आणि बाप या दोघांचीही नावे संरक्षक वर्गातील आहेत. बदलत्या मुंबईत हे जुने नाव घेऊन वावरणारा कारकून विनोदाचा विषय होतो. संरक्षक नावाची मूळ भीती विसरली गेल्याशिवाय असा विनोद शक्य नव्हता. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये धोंडूचा सहोदर असलेला दगडू येतो. दगडू मारुती पवार हे लेखकाचे मूळचे नाव. शिकलेला दया आणि मागे राहिलेला दगडू यांच्या समोरासमोर येण्यावर या आत्मकथनाची चौकट उभी आहे. नाव बदलल्याने भूतकाळ बदलत नाही, हा या आत्मकथनाचा प्रत्यय आहे.

ऱ्हासाची कारणे

या नावाच्या ऱ्हासाचे सर्वांत मोठे कारण आनंदाचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात हजार जन्मांमागे दोनशेच्या आसपास अर्भके वर्षाच्या आत दगावत. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये महाराष्ट्रात हे प्रमाण १६ होते. देवीच्या रोगाचे उच्चाटन, लसीकरण आणि सुरक्षित प्रसूती यांनी मृत्यूला फसविण्याची गरजच कमी केली. दुसरे कारण शिक्षणाचे. शाळेच्या हजेरीपटावर नाव उच्चारले जाऊ लागले, तेव्हा त्याचा कोशातील अर्थ पुढे आला. 'पायावर धोंडा पाडून घेणे' यासारख्या वाक्प्रचारांनी आणि मंदबुद्धी मुलाला 'दगड' म्हणण्याच्या सवयीने तो अर्थ बोचरा केला. तिसरे कारण अभिरुचीचे. कादंबरी, नाटक आणि चित्रपट यांनी श्रुतिमधुर व संस्कृतप्रचुर नावांची आवड रुजविली. त्या आवडीत ठसठशीत मूर्धन्य 'ड'ला जागा उरली नाही.

समारोप

नाव गेले तरी त्यात साठलेली माहिती जाऊ देणे योग्य नाही. आजोबांचे नाव धोंडू असल्याची लाज वाटणाऱ्या नातवाला, त्या नावामागे एखाद्या आईचे दगावलेले मूल आणि पुढच्या मुलासाठी तिने धरलेला धीर असू शकतो, हे कोणीतरी सांगितले पाहिजे. हे काम भाषेच्या अभ्यासकाचे आहे. कुलवृत्तान्त, शाळांचे जनरल रजिस्टर, सातबाराचे उतारे ही त्याची साधने होत. बारवी धरणाचा पहिला टप्पा १९७२ मध्ये पूर्ण झाला आणि पुढे उंची वाढत गेली, तसतशी तोंडली, मोहघर यांसारखी गावे विस्थापित झाली. अशा गावांच्या जमिनीच्या आणि पुनर्वसनाच्या नोंदींतून एका विखुरलेल्या समाजाच्या दोन-तीन पिढ्यांची नावे एकत्र अभ्यासता येतील. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एकेका गावाची अशी नामावली जन्मकाळ, रूपभेद आणि भावंडांचा क्रम यांसह तयार केली, तर नामाभ्यास अर्थांच्या यादीपलीकडे जाईल. कोशात धोंडा म्हणजे दगड एवढेच सापडते. धोंडो म्हणजे काय, हे मात्र त्या घराच्या इतिहासातच शोधावे लागते.