चावी फिरवण्याआधी

मागच्या वर्षी माझ्या मित्राने एक प्रीमियर पद्मिनी घेतली, थेट पहिल्या मालकाच्या घरून. गाडी पंधरा वर्षं शेडमध्ये उभी. ‘ठेवली तेव्हा चालू होती,’ असं घरचे म्हणाले. मित्र नवी बॅटरी घेऊनच आला होता. म्हटलं, थांब जरा.

का? १०८९ सीसीचं हे इंजिन उभ्या-उभ्याही बदलत असतं. सिलिंडरला आतून गंज चढतो, पिस्टनच्या रिंगा तिथेच चिकटतात. तसाच स्टार्टर मारला तर रिंग तुटू शकते. जुन्या पेट्रोलचं ऑक्सिडेशन होऊन डिंकासारखा चिकट थर बनतो, त्याने कार्बोरेटरची बारीक जेट बुजतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि ब्रेकचे भाग आतून गंजतात. म्हणजे गाडी सुरू झालीच, तरी थांबेल याची खात्री नाही!

म्हणून आधी फोटो आणि नोंदी. मग स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडायचं, दोन दिवस थांबायचं आणि पान्याने इंजिन हातानेच फिरवून बघायचं. अडलं तर जोर लावायचा नाही. पुढे टाकी, कार्बोरेटर, ब्रेक. बॅटरी सगळ्यात शेवटी.

हे मला कसं सुचलं? पीएचडीच्या पहिल्या वर्षी लॅबमधला जुना व्हॅक्यूम पंप मी काही न तपासता सुरू केला. तो जॅम होऊन जळाला. आधीची एकही नोंद नव्हती, त्यामुळे दोष जुना होता की माझा, हे आजही सांगता येत नाही.

‘चालू होती’ हे तुमच्यासाठी फक्त गृहीतक आहे. आधी तपासा.