होनाजी ते विलास घोगरे: अवघड मरणांचा मागोवा

कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैला स्वामिनाथाचे देऊळ आहे. घराण्याच्या या कुलदैवताच्या नावावरून १८९४ साली जन्मलेल्या एका मुलाचे नाव स्वामिनाथन ठेवले गेले. पुढे तोच कांची कामकोटी पीठाचा शंकराचार्य झाला, चंद्रशेखरेंद्र सरस्वती. साऱ्या जगाशी मैत्री करा, युद्ध सोडा, असे सांगणारी एक छोटी संस्कृत रचना आचार्यांनी केली. २३ ऑक्टोबर १९६६ रोजी एम. एस. सुब्बुलक्ष्मींनी ती न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात गायली. ‘मैत्रीं भजत’ तमिळनाडूत आजही घरोघरी ऐकली जाते. तिची चाल मराठी माणसाची, वसंत देसाईंची. नऊ वर्षांनी मुंबईत ते लिफ्टमध्ये चिरडून गेले.

घातापघातात गेलेल्या आपल्या कलावंतांची ओळ मोठी आहे. त्यांचे मरण एक तर चघळले जाते, नाही तर विसरले जाते. दोन्हींत त्यांच्या कामावर अन्याय होतो.

सुरुवात होनाजीपासून करू. पुण्याचा हा गवळी, आडनाव शिलारखाने. कवने त्याची आणि गळा त्याचा जोडीदार बाळा कारंजकर याचा, म्हणून ‘होनाजी बाळा’. दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाने त्याने लावणी बैठकीत आणली, तिला रागदारीचा डौल दिला. ‘घनश्याम सुंदरा’ ही त्याची भूपाळी आजही पहाटे घराघरांत ऐकू येते. १८४४ मध्ये मारेकऱ्यांच्या हातून त्याचा शेवट झाल्याचे सांगतात. सकाळी देवाला जागवणाऱ्या कवीचा खून झाला, ही गोष्ट भूपाळी म्हणणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे?

होनाजीला पुन्हा लोकांसमोर आणले ते व्ही. शांताराम यांनी, १९५१ च्या ‘अमर भूपाळी’त. पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर यांच्या आवाजात भूपाळीला नवी चाल मिळाली. ध्वनिमुद्रणासाठी हा चित्रपट कान महोत्सवात गौरवला गेला. संगीतकार होते वसंत देसाईच.

देसाईंचा जन्म १९१२ चा, आजच्या सिंधुदुर्गातल्या सोनवड्याचा. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीत पडेल ते काम करत ते घडले. ‘झनक झनक पायल बाजे’, ‘दो आँखें बारह हाथ’, ‘गुड्डी’ हे त्यांचेच. ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ आणि ‘हमको मन की शक्ती देना’ या त्यांच्या चालींवर देशभरातल्या शाळांचा दिवस सुरू होत आला. हजारो मुलांना एका सुरात गायला लावणारी समूहगाने त्यांनी उभी केली. २२ डिसेंबर १९७५ रोजी दिवसभराचे ध्वनिमुद्रण आटोपून ते घरी परतले, लिफ्टमध्ये शिरले आणि यंत्र बिघडल्याने चिरडले गेले. वय अवघे ६३. आज त्यांचा विषय निघाला की लिफ्टची हकिगत पहिली निघते आणि संयुक्त राष्ट्रसंघात गाजलेली चाल आपल्याकडे कोणाच्या ओठांवर येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्याआधी सहा वर्षे, २९ ऑगस्ट १९६९ ला, शाहीर अमर शेख इंदापूरजवळ मोटार अपघातात गेले. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभारणारे, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ध्वनिक्षेपकाविना मैदान भारून टाकणारे. त्यांच्या पहाडी आवाजाचे वर्णन करणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या कविता वाचलेले थोडे.

विलास घोगरे यांचे जाणे मात्र अपघात नव्हते. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला, दहा जण मेले. चौथ्या दिवशी या शाहिराने मुलुंडच्या आपल्या झोपडीत जीवन संपवले. आनंद पटवर्धनांनी त्यानंतर चौदा वर्षे चित्रीकरण करून ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट काढला. तो केवळ मरणावर थांबत नाही, घोगरेंच्या गाण्यापासून पुढच्या शाहिरांपर्यंत जातो. मृत कलावंताकडे पाहायची रीत ती अशी असावी.

खून, बिघडलेले यंत्र, रस्ता, गोळीबाराचा धक्का: चौघांच्या शेवटांत साम्य काही नाही. साम्य आहे ते गाण्यात. चौघांनीही आपले सूर चार लोकांच्या तोंडी दिले. म्हणून शाळेत प्रार्थना झाली की शिक्षकांनी संगीतकाराचे नाव सांगावे, आकाशवाणीवर भूपाळी लागली की होनाजीचे नाव घ्यावे, आणि शाहिरी जलशात अमर शेख, विलास घोगरे यांची पदे त्यांच्या नावानिशी गावीत. एवढे करणे आपल्या हातात आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही.