लाकडी फरशी : भिंतीशी बोटभर अंतर हवेच

नरसी नामदेव (जि. हिंगोली) : संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ओळखले जाणारे हे गाव कयाधू नदीकाठी, मराठवाड्याच्या काळ्या मातीत वसले आहे. या भागातील जुन्या माळवदी घरांत लाकूड भरपूर असे. पण ते डोक्यावर, तुळया आणि खांबांच्या रूपात. पायाखाली असे ती शेणाने सारवलेली जमीन, पुढे शहाबादी फरशी. शहरातील फ्लॅटमध्ये रुळलेली लाकडी फरशी अशा गावच्या घरात घालायची झाल्यास ती घरच्या माणसांना दोन सुट्यांत बसवता येते. मात्र ओलाव्याचा विचार आधी करावा लागतो.

बाजारात लाकडी म्हणून मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त पट्ट्या अखंड लाकडाच्या नसतात. लाकडाचे तंतू दाबून केलेली सुमारे 8 मिलिमीटर जाडीची फळी, तिच्यावर लाकडाच्या रेषा छापलेला कागद आणि सर्वांत वर कठीण पारदर्शक थर, अशी ही लॅमिनेटची पट्टी असते. एकीच्या कडेची जीभ दुसरीच्या खाचेत अडकते. ही गोंदाविना जुळणी 1990च्या दशकात युरोपात रूढ झाली आणि हे काम हौशी माणसाच्या आवाक्यात आले. ही फरशी खालच्या जमिनीला कोठेही चिकटवलेली नसते. ती नुसती पसरून राहते.

मे महिन्यात येथे पारा चाळिशीपार जातो, हवा कोरडी होते आणि पट्ट्या किंचित आक्रसतात. पावसाळ्यात त्याच ओल शोषून फुगतात. खोलीभर मिळून ही वाढ काही मिलिमीटरची असते; पण तिला जागा नसेल तर फरशी मध्येच उचलली जाते. म्हणून चारही भिंतींशी 8 ते 10 मिलिमीटर फट पाचरी लावून राखावी. ती झाकणाऱ्या कडपट्टीचे खिळे भिंतीतच मारावेत. फरशीत मारले, की फट ठेवूनही उपयोग नाही.

खरी परीक्षा तळमजल्याची. काळी माती पाणी धरून फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरील जमिनीतून ओल वर येऊ शकते. दोन फुटांचा प्लास्टिकचा चौकोन कडा चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस जमिनीवर ठेवावा. आतून थेंब दिसल्यास लाकडी फरशीचा नाद सोडावा हेच बरे. तेथे टाइल्सच शहाणपणाच्या. ही चाचणी पावसाळ्यात करावी. उन्हाळ्यातील कोरडा निकाल फसवा ठरू शकतो.

जमीन कोरडी असेल तर पट्ट्यांचे गठ्ठे न फोडता 48 तास त्याच खोलीत आडवे ठेवावेत. दोन मीटर लांबीची सरळ पट्टी जमिनीवर ठेवली असता खाली 3 मिलिमीटरपेक्षा अधिक पोकळी नसावी. असल्यास ती आधी भरून घ्यावी. नंतर प्लास्टिकचा जाड कागद, जोडावर वीतभर एकावर एक येईल असा, आणि त्यावर 2 मिलिमीटरचा फोम.

थोडे गणितही लागते. खोलीची रुंदी 10 फूट, म्हणजे 3048 मिलिमीटर. दोन्हीकडील फटींचे 20 वजा जाता 3028 उरतात. 195 मिलिमीटरच्या 15 ओळी बसल्यावर शेवटची ओळ 103 मिलिमीटरची येते, ती चालेल. 50पेक्षा कमी आली असती तर पहिलीच ओळ कापून अरुंद करावी लागली असती. शेजारच्या ओळींतील जोड किमान एक फूट पुढेमागे असावेत. कापण्यातील नासाडीसाठी दहा टक्के माल अधिक घ्यावा. 120 चौरस फुटांना 132. आत उघडणाऱ्या दाराची खालची कड किती घासते, हेही आधीच पाहावे, कारण जमीन सुमारे एक सेंटिमीटर उंचावते.

मोरी, स्वयंपाकघर आणि रोजच्या अभिषेकाचे पाणी सांडणारे देवघर मात्र वगळावे. इतरत्रही दिवाळीच्या साफसफाईत बादलीभर पाणी ओतायचे नाही, घट्ट पिळलेल्या फडक्यानेच पुसायचे, हे घरातील साऱ्यांना पट्ट्या विकत घेण्यापूर्वीच मान्य असायला हवे.