निलंबन झाले, पुढे काय?

जून २०२० मध्ये मुंबई पोलीस दलाने चार जणांना पुन्हा कामावर घेतले. सहायक पोलीस निरीक्षक सचिन वाझे आणि त्यांच्यासोबतचे तीन पोलीस कर्मचारी. चौघेही २००४ पासून निलंबित होते. कोरोनाच्या काळात मनुष्यबळ अपुरे पडते आहे, असे कारण सांगण्यात आले. परभणीत एका आईने ही बातमी वाचली आणि ती उच्च न्यायालयात गेली.

तिचा मुलगा ख्वाजा युनूस, वय २७, अभियंता. डिसेंबर २००२ च्या घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या तपासात त्याला अटक झाली आणि जानेवारी २००३ मध्ये तो पोलीस कोठडीतून नाहीसा झाला. तपासासाठी नेताना पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळाला, असे पोलिसांनी सांगितले. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या तपासात ही हकीकत खोटी ठरली आणि या चौघांवर आरोपपत्र दाखल झाले. उच्च न्यायालयाने २००४ मध्येच त्यांच्याविरुद्ध शिस्तभंगाची चौकशी करायला सांगितले होते. परत नेमणूक हा त्या आदेशाचा अवमान आहे, असे आईचे म्हणणे. खटला तेव्हाही संपलेला नव्हता. चौकशीत कोणी निर्दोष ठरला म्हणून ही नेमणूक झाली नव्हती. आढावा समितीने शिफारस केली, म्हणून झाली. पुढे वेगळ्याच प्रकरणात मार्च २०२१ मध्ये वाझेंना राष्ट्रीय तपास यंत्रणेने अटक केली आणि ११ मे २०२१ रोजी त्यांना बडतर्फ करण्यात आले. तेही राज्यघटनेच्या कलम ३११(२)(ब) खाली, म्हणजे विभागीय चौकशी न करता.

सोळा वर्षे निलंबन, मग नेमणूक, मग वर्षभराच्या आत चौकशीविना बडतर्फी. या प्रवासात निलंबनाने नेमके काय साधले, असा प्रश्न पडतो. माझे उत्तर सरळ आहे: निलंबनाने काहीच ठरत नाही. ते माणसाला कामापासून दूर ठेवते, एवढेच. तरीही आपल्याकडे निलंबनाची घोषणा झाली की मोर्चा शांत होतो, खाते सुटकेचा नि:श्वास टाकते, आणि खरे काम, म्हणजे चौकशी, कपाटात जाते. ज्याच्यावर अन्याय झाला तोही ताटकळतो आणि ज्याच्यावर आरोप झाला तोही.

हा विषय पोलिसांपुरता नाही. परभणीहून जिंतूरकडे जाताना लागणाऱ्या झरीत राहणारा आणि रोज परभणीच्या सरकारी कार्यालयात जाणारा एखादा लिपिक धरा. भावकीच्या शेताच्या बांधावरून मारामारी झाली, गुन्हा दाखल झाला, त्याचे नाव त्यात आले. गावात पहिला प्रश्न येतो, ‘सस्पेंड झाला का?’ नुसता गुन्हा नोंदला म्हणून नोकरी आपोआप थांबत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधला चौथा नियम सांगतो की फौजदारी गुन्ह्याचा तपास किंवा खटला चालू असेल तर सक्षम अधिकारी निलंबित करू शकतो. करू शकतो, करायलाच हवे असे नाही. मात्र अटक होऊन ४८ तासांपेक्षा जास्त वेळ कोठडीत गेला, तर तो अटकेच्या दिवसापासून निलंबित मानला जातो. त्यासाठी कोणाच्या मर्जीची गरज उरत नाही. म्हणून बांधावरच्या भांडणात दोन रात्री आत काढणाऱ्या नोकरदाराची किंमत त्याच भांडणातल्या शेतकऱ्यापेक्षा वेगळी असते. अटक लपवणे हा तर स्वतंत्र दोष होतो. कार्यालयाला लेखी कळवून पोच घेणे हे पहिले काम.

निलंबित माणूस नोकरीतच असतो. त्याला मुख्यालय ठरवून दिले जाते, ते पालम किंवा सोनपेठचेही असू शकते, आणि परवानगीशिवाय ते सोडता येत नाही. हातात पगार नसताना प्रवासाचा खर्च मात्र वाढतो. पगाराऐवजी मिळतो तो निर्वाह भत्ता: पहिले तीन महिने अर्धवेतनी रजेच्या पगाराइतकी रक्कम आणि तिच्यावरचा महागाई भत्ता. चौकशी लांबण्यात कर्मचाऱ्याचा दोष नसेल तर तीन महिन्यांनंतर हा भत्ता त्याच्या निम्म्या रकमेपर्यंत वाढवता येतो, त्याच्यामुळे लांबली असेल तर तितकाच कमीही करता येतो. दुसरीकडे कुठे नोकरी-धंदा करत नाही, असे प्रमाणपत्र द्यावे लागते. स्थायी आदेश लागू असलेल्या कारखान्यांतल्या निलंबित कामगारालाही कायद्याने पहिले ९० दिवस निम्मी आणि पुढे, चौकशी लांबण्यात त्याचा दोष नसेल तर, पाऊण मजुरी मिळते. जिनिंगवर किंवा आडतीत रोजाने जाणाऱ्याला यातले काही नाही. त्याला ‘उद्यापासून येऊ नको’ एवढेच ऐकायला मिळते.

हा भत्ता किती महत्त्वाचा, याची लढाई महाराष्ट्राच्याच नियमावरून झाली. मुंबई नागरी सेवा नियम, १९५९ मध्ये तरतूद होती की शिक्षा झालेल्या निलंबित कर्मचाऱ्याचे अपील चालू असेतोवर त्याला महिन्याला एक रुपया द्यावा. एक रुपयात जगायचे आणि अपीलही लढायचे! महाराष्ट्र शासन विरुद्ध चंद्रभान ताळे या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ती तरतूद रद्द केली. भत्ता माणूस जगावा म्हणून असतो, हे त्या निकालाचे सार.

तरीही भत्ता अडवण्याचे प्रकार थांबले नाहीत. कोलारच्या सोन्याच्या खाणीत कॅप्टन एम. पॉल अँथनी हे सुरक्षा अधिकारी होते. जून १९८५ मध्ये त्यांच्या घरावर पोलिसांचा छापा पडला, ४.५ ग्रॅम सोन्याचा गोळा आणि सोनेमिश्रित वाळू सापडल्याचा आरोप झाला. भारत गोल्ड माइन्सने त्यांना निलंबित केले, भत्ता दिला नाही आणि चौकशी लावली. ते केरळात घरी होते, आजारी होते, कोलारला जायला पैसे नव्हते. चौकशी एकतर्फी उरकून ७ जून १९८६ रोजी त्यांना काढून टाकले. ३ फेब्रुवारी १९८७ रोजी फौजदारी न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, कारण छापा आणि जप्तीच सिद्ध झाली नाही. नोकरी परत मिळायला ३० मार्च १९९९ उजाडावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने पगाराची थकबाकीही द्यायला लावली. उपाशी ठेवून केलेली चौकशी ही चौकशीच नव्हे, हे मला या निकालातले सर्वांत मोलाचे वाटते.

आता सगळ्यांना छळणारा प्रश्न. न्यायालयात खटला चालू असताना खाते वेगळी चौकशी कशी काय करते? कायद्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खटला समाजाविरुद्धच्या गुन्ह्याचा, चौकशी कामावरच्या वर्तनाची. खटल्यात आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. चौकशीत अधिक शक्यता कशाची, एवढे पुरते. दिल्ली क्लॉथ मिल्समध्ये कुशल भान नावाचा शिपाई होता. कंपनीच्या हेडक्लार्कची सायकल १९५७ मध्ये चोरीला गेली आणि ती त्याने दाखवल्यावर सापडली. खटला चालू आहे म्हणून त्याने कंपनीच्या चौकशीत उत्तर दिले नाही. कंपनीने काढले, पुढे न्यायालयाने सोडले. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये कंपनीची बाजू उचलून धरली: मालकाने खटल्याच्या निकालापर्यंत थांबलेच पाहिजे असे नाही, पण प्रकरण गंभीर आणि गुंतागुंतीचे असेल तर थांबणे बरे. पॉल अँथनी प्रकरणात हेच अधिक नेमके झाले: आरोप गंभीर, कायद्याचे आणि वस्तुस्थितीचे प्रश्न अवघड, आणि दोन्हीकडे तीच घटना, तेच साक्षीदार असतील तर चौकशी थांबवणे इष्ट. पण खटला रेंगाळला तर थांबवलेली चौकशी पुन्हा सुरू करता येते.

कर्मचाऱ्याची कोंडी इथेच होते. राज्यघटनेच्या कलम २०(३) ने आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क दिला आहे. पण चौकशीत गप्प बसला तर एकतर्फी निकाल लागतो, आणि बोलला तर त्याचा बचाव फिर्यादी पक्षाला आधीच कळतो. म्हणून खात्याचे दोषारोपपत्र आले की ते घ्यायला नकार देणे किंवा गावाबाहेर जाऊन बसणे, हा सर्वांत वाईट सल्ला आहे आणि तो गावात सर्वांत जास्त दिला जातो. दोषारोपपत्राला चार जोडपत्रे असतात: दोषारोप, त्यांचा तपशील, कागदपत्रांची यादी, साक्षीदारांची यादी. शेवटच्या दोन याद्या पोलिसांच्या आरोपपत्राशी जुळवून पाहाव्यात. तेच साक्षीदार, तेच कागद असतील तर विभागीय चौकशी (‘डीई’) थांबवण्याचा लेखी अर्ज तेवढ्या आधारावर करता येतो. दिलेल्या मुदतीत आरोप नाकारणारे उत्तर द्यावे, बचाव सहायक मागावा, उलटतपासणी सोडू नये.

निर्दोष सुटलो म्हणजे नोकरी परत मिळालीच, हेही खरे नाही. मात्र दोन्हीकडचे आरोप आणि पुरावे एकच असतील आणि सुटका पुराव्याची नीट छाननी होऊन झाली असेल, तर बडतर्फी टिकणे कठीण. राजस्थानच्या सशस्त्र दलातल्या राम लाल या शिपायावर शाळेच्या गुणपत्रिकेत जन्मतारीख बदलल्याचा आरोप होता. ४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निम्म्या थकीत पगारासह परत घ्यायला सांगितले.

राहिला काळाचा प्रश्न. अजय कुमार चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सांगितले की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन पुढे चालवू नये, आणि दिले तर वाढवण्याची कारणे लिहावीत. महाराष्ट्राने ९ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने हे स्वीकारले. झरीच्या लिपिकाने निलंबनाच्या आदेशावरची तारीख लिहून ठेवावी, नव्वद दिवस मोजावेत आणि एक्क्याण्णवाव्या दिवशी आढाव्याचा अर्ज द्यावा. पुष्कळ जण साहेब नाराज होतील म्हणून हा अर्ज देत नाहीत आणि वर्षे घालवतात.

तारखा दुसऱ्या बाजूनेही मोजायला हव्यात. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर झालेल्या अटकसत्रात सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी पकडला गेला आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. पाच दिवसांत मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत एका पोलीस निरीक्षकाच्या निलंबनाची घोषणा केली. पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश मिळवायला मात्र सूर्यवंशीच्या आईला औरंगाबाद खंडपीठात लढावे लागले. तो आदेश ४ जुलै २०२५ रोजी झाला, आणि शासनाने त्याला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलैला फेटाळले. अशा प्रकरणांत निलंबनाची घोषणा ऐकल्यावर परभणीकरांनी विचारायचे ते हे: दोषारोपपत्र कोणत्या तारखेला दिले, चौकशी अधिकारी कोण, आणि अहवाल केव्हा येणार?