हवेचा एकच खांब

हवामानाचं मॉडेल म्हटलं की पृथ्वीवर टाकलेलं एक जाळं डोळ्यांपुढे येतं. जमिनीवर चौकोन आखलेले, त्यांवर हवेचे थर रचलेले आणि प्रत्येक घरात तापमान, दाब, वारा, बाष्प यांचे आकडे. शेजारच्या घरांशी देवाणघेवाण करत संगणक थोड्या थोड्या वेळाने पुढचे आकडे काढत जातो. कल्पना सोपी आहे. अवघड असतं ते त्यात काय घ्यायचं आणि काय खुशाल सोडून द्यायचं, हे ठरवणं. स्युकुरो मानाबे यांची सगळी कारकीर्द या निवडीवर उभी आहे.

जपानमधल्या एहिमे प्रांतातल्या एका खेड्यातलं हे डॉक्टरांचं घराणं. वडील डॉक्टर, आजोबाही डॉक्टर. मानाबे मात्र टोकियो विद्यापीठात हवामानाच्या अभ्यासाकडे वळले. १९५८ साली जोसेफ स्मागोरिन्स्की यांनी त्यांना अमेरिकेला बोलावून घेतलं. स्मागोरिन्स्कींचा गट अख्ख्या पृथ्वीचं मॉडेल बांधत होता. त्या धबडग्यात मानाबेंनी वारे, समुद्र, खंड सगळं बाजूला ठेवलं आणि जमिनीपासून वर जाणारा हवेचा एकच खांब घेतला.

आधी या खांबात फक्त किरणांचा हिशेब घालून पाहू. ऊन खाली येतं, जमीन तापते आणि अवरक्त किरणांनी उष्णता वर सोडते. बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड ती शोषून काही भाग खाली परतवतात. एवढंच धरलं तर जमीन प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जास्त तापते. कारण खरी हवा गप्प बसत नाही, तापली की वर चढते आणि उष्णताही वर नेते. हवेच्या प्रत्येक लोटाचा माग काढणं त्या काळच्या संगणकांना झेपणारं नव्हतं. मानाबेंची युक्ती अशी: हिशेब चालू द्यायचा, पण वर जाताना तापमान किलोमीटरला ६.५ अंशांहून जास्त वेगाने घटताना दिसलं, की थरांमधली उष्णता वाटून तो उतार पुन्हा ६.५ वर आणायचा. धान्याची रास ठरावीक उतारापेक्षा उभी झाली की घसरते ना, तसंच. मला तर सगळ्या कामात हीच तडजोड सर्वांत देखणी वाटते.

दुसरी निवड बाष्पाची. १९६७ साली मानाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांनी कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दर दहा लाख भागांत ३०० वरून ६०० केलं. हवेतलं बाष्प तेवढंच ठेवलं तर जमिनीलगतचं तापमान सुमारे १.३ अंशांनी वाढत होतं. पण ऊबदार हवा जास्त बाष्प धरते. म्हणून त्यांनी बाष्पाऐवजी सापेक्ष आर्द्रता कायम ठेवली. तेव्हा वाढ आली सुमारे २.४ अंश. जादा बाष्पानेही उष्णता अडवली होती.

त्याच खांबाचा वरचा भाग, म्हणजे स्थितांबर, मात्र थंड झाला. तिथली ऊब ओझोनने शोषलेल्या अतिनील किरणांची, आणि कार्बन डायऑक्साइड ती अवकाशात सोडून देतो. तो वाढला की सोडणंही वाढतं. सूर्यच प्रखर झाला असता तर खाली-वर दोन्हीकडे तापमान चढलं असतं. पुढच्या दशकांत प्रत्यक्ष मोजमापांत खाली ऊब आणि वर गारवा असंच चित्र दिसलं.

मग सोडून दिलेलं एकेक परत आलं. जमिनीसाठी त्यांनी बादली ठेवली, अक्षरशः! १५ सेंटिमीटर पाणी मावेल अशी. पाऊस भरतो, बाष्पीभवन रिकामी करतं, सांडलं ते नदीत. १९६९ साली कर्क ब्रायन यांच्याबरोबर समुद्र जोडला गेला. २०२१ साली क्लाउस हासेलमान आणि जॉर्जो पारिसी यांच्यासोबत मानाबेंना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आपल्याला जवळचा प्रयोग मात्र १९७५ चा आहे. डग्लस हान यांच्यासह मानाबेंनी मॉडेल दोनदा चालवलं, एकदा पर्वतांसह आणि एकदा सगळे पर्वत सपाट करून. पर्वत काढताच हवेच्या कमी दाबाचा पट्टा आशियात दूर उत्तर-पूर्वेला सरकला आणि मोसमी पाऊस भारतीय उपखंडात नीट शिरेना. पर्वत जागेवर ठेवले, की तो हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पोहोचायचा.