यजमानांचं लायसन्स आणि सही कुणाची?

घरातल्या मोटारसायकलचा विमा कधी संपतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. पीयूसीची तारीखही लक्षात असेल. पण मैत्रिणींनो, चालवणाऱ्याच्या लायसन्सवरची तारीख शेवटची कधी पाहिलीत? आम्ही वीस वर्षांत पाहिली नव्हती.

आमचं घर डोंबिवलीच्या मानपाडा रोडला. (ठाण्यात घोडबंदर रोडवर दुसरं मानपाडा आहे, त्यामुळे पाहुणे हमखास चुकतात!) यजमान रोज कल्याण-शीळ रस्त्याने मोटारसायकलवरून तळोज्याला कामाला जातात. कपाट आवरताना त्यांचं लायसन्स हाती आलं. मुदत संपून चार महिने उलटले होते.

"अहो, हे बघितलंत का?"

"मला रजा मिळायची नाही. तूच करून टाक ना!"

विजेचं बिल भरावं, मुलांची फी भरावी, तसंच हेही. माझीही ना नव्हती. ओळखीतून एक एजंट मिळाला. तो म्हणाला, "वहिनी, साहेबांना यायची गरजच नाही. सही तुम्ही केलीत तरी चालेल, डॉक्टरचा दाखला आम्ही आणतो." पैसे मात्र सरकारी शुल्काच्या कितीतरी पट. पैशांचं एक वेळ सोडा, पण माणूस न बघता डॉक्टर दाखला कसला देणार? तिथेच माझं मन अडलं, आणि मी नियम वाचायला बसले.

मुदत संपल्यावर पूर्वी तीस दिवसांची सवलत होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती गेली. म्हणजे संपलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून विनालायसन्स! दंड ५,००० रुपये. गाडी तुमच्या नावावर असेल, तर ती चालवायला दिली म्हणून तुम्हालाही तेवढाच दंड होऊ शकतो. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, ते वेगळंच. यजमानांनी त्या दिवसापासून गाडीला कुलूप लावलं आणि बसचे धक्के खाल्ले.

नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या आधी वर्षभर करता येतो आणि नंतरही वर्षभर. त्याहून उशीर झाला, तर पुन्हा चालवण्याची परीक्षा द्यावी लागते. म्हणजे आमचे आठ महिने शिल्लक होते.

आता, दुसऱ्याने काय करायचं? परिवहन खात्याच्या 'सारथी' संकेतस्थळावर अर्ज मी भरला, कागद चढवले, पैसे भरले. नूतनीकरणाचे २०० रुपये, कार्डाचे २०० वेगळे. यात काही गैर नाही. पण सही त्यांचीच हवी. बायकोने केली तर ती खोटी सही. आधारवरून ओळख पटवायची, तर ओटीपी त्यांच्या मोबाईलवर येतो; तसं केलं तर कार्यालयात खेटा घालावा लागत नाही. नाहीतर फोटोला आणि कागद दाखवायला त्यांनाच जावं लागतं. आम्हा डोंबिवलीकरांचं कार्यालय कल्याणचं.

राहिला डॉक्टरचा दाखला. चाळीस वर्षांवरच्यांना तो 'नमुना १-अ' वर लागतो, आणि हे एक्केचाळीसचे. त्यात डॉक्टरला लिहून द्यावं लागतं की, दिवसाउजेडी २५ मीटरवरून गाडीच्या पाटीवरचा नंबर वाचता येतो, तीव्र किंवा पूर्ण रंगांधळेपणा नाही, रातांधळेपणा नाही.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ह्यांना दवाखान्याच्या दारात उभं केलं आणि पलीकडच्या रिक्षाचा नंबर वाचायला सांगितला. ह्यांनी ठसक्यात वाचला. चारांपैकी दोन आकडे चुकीचे! मी शेजारी उभी. माझ्या पोटात गोळाच आला. हा माणूस रोज रात्री त्या रस्त्याने ट्रकांच्या दिव्यांत गाडी हाकत घरी येत होता, आणि आम्हाला दोघांनाही पत्ता नव्हता. डॉक्टर म्हणाले, "आधी चष्मा करा, मग दाखला."

चष्म्यात चार-पाच दिवस गेले. चष्मा लावून पुन्हा रिक्षा वाचली, तेव्हा कुठे सही मिळाली. नवं कार्ड टपालाने घरी आलं.

तिशी ते पन्नाशीतल्यांना आता दहाच वर्षांची मुदत मिळते. पन्नाशीनंतर पंचावन्नपर्यंत नूतनीकरण केलं तर साठीपर्यंत, त्यापुढे पाच-पाच वर्षं. तारीख लक्षात कशी राहणार? मी ती गॅसच्या पुस्तकाच्या आतल्या पानावर लिहून ठेवली आहे. आणि हो, त्याच दिवशी माझ्या स्कूटीचं लायसन्सही काढून पाहिलं. दीड वर्ष आहे अजून.