संगणकावरचा गमतीचा माल: फुकट असला तरी पारखून घ्या

दुकानात हिशेबासाठी संगणक आला की घरातली मुले त्याच्याभोवती जमतात आणि पडद्यावर काही गंमत दाखवा म्हणून हट्ट धरतात. अशा गमतींचा मोठा साठा १९८० आणि १९९० च्या दशकांत तयार झाला. माउसच्या बाणामागे धावणारे मांजर, पडद्यावर पडणारा बर्फ, फ्लॉपीच्या ड्राइव्हमध्ये पाणी शिरल्याची बतावणी करून ते उपसल्याचा आवाज काढणारा प्रोग्रॅम, असा हा माल. तो कोठे मिळे आणि कसा उतरवून घेत, हे आम्ही येथे थोडक्यात सांगतो. आजही फुकटचा प्रोग्रॅम घेताना ही माहिती उपयोगी पडेल.

हा माल ठेवणाऱ्या संगणकांना आपण गोदामे म्हणू. त्यांतले नामांकित गोदाम म्हणजे सिमटेल. १९७९ साली सुरू झालेला हा साठा १९८३ पासून अमेरिकेतील व्हाइट सँड्स या लष्करी चाचणी केंद्राच्या संगणकावर होता. १९९३ मध्ये ती सोय बंद झाली, तेव्हा वॉलनट क्रीक सीडीरॉम या कॅलिफोर्नियाच्या कंपनीने तो आपल्याकडे घेतला. फिनलंडमधील वासा विद्यापीठाचे गार्बो हे असेच दुसरे गोदाम.

गोदामात शिरण्याची रीत सोपी होती. एफटीपी नावाच्या पद्धतीने जोडणी करायची, नावाच्या जागी ‘अ‍ॅनॉनिमस’ म्हणजे अनामिक असे लिहायचे आणि परवलीच्या शब्दाऐवजी आपला ईमेल पत्ता द्यायचा. माल नेमका कोणत्या गोदामात आहे हे शोधण्यासाठी १९९० मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात आर्ची ही शोधयंत्रणा तयार झाली. मात्र ती फाइलच्या नावावरून शोधत असे, आणि डॉसमध्ये नावाला आठच अक्षरांची मुभा. म्हणून जाणकार माणूस आधी प्रत्येक कप्प्यातली यादीची फाइल उतरवून घेई. तिच्यात नाव, आकार, तारीख आणि एका ओळीत वर्णन असे. यादी न वाचता माल उचलणाऱ्याचा वेळही जाई आणि टेलिफोनचे बिलही वाढे. २४०० च्या मोडेमवर एक एमबी उतरायला सव्वा तास लागे. २८.८ च्या मोडेमवर तेच काम सुमारे सहा मिनिटांत होई.

उतरवण्यापूर्वी ‘बायनरी’ हा हुकूम देणे आवश्यक होते. तो विसरला तर फाइल मजकूर समजून पाठवली जाई आणि वाटेतच बिघडे. माल झिप या गाठोड्यात बांधलेला असे. गाठोडे सोडताना आतला तपासणीचा आकडा जुळला नाही तर फाइल खराब आली असे समजावे.

आता मुख्य मुद्दा. आकडा जुळला म्हणजे माल पूर्ण आला एवढेच कळते. तो चांगला आहे हे त्यावरून कळत नाही. १९९५ च्या सुमारास पीकेझिप या प्रसिद्ध प्रोग्रॅमची ३०० क्रमांकाची आवृत्ती म्हणून एक फाइल फिरत होती. मूळ कंपनीने अशी आवृत्ती काढलीच नव्हती. ती चालवणाऱ्याची हार्ड डिस्क पुसली जाण्याचा धोका होता. त्याआधी कॅस्केड नावाच्या व्हायरसने पडद्यावरची अक्षरे टपटप खाली पाडली होती. पाहणाऱ्याला ती गंमतच वाटावी! खेळणे आणि व्हायरस दिसायला सारखेच असू शकतात. म्हणून ज्या संगणकावर उधारीची खाती आणि गिऱ्हाइकांचे हिशेब आहेत, त्यावर अनोळखी प्रोग्रॅम चालवू नये. आधी व्हायरस तपासणी करावी, सोबतची माहितीची फाइल वाचावी आणि हिशेबाची दुसरी प्रत वेगळी ठेवावी.

दुसरी गोष्ट दामाची. गोदामातला सगळाच माल फुकट नव्हता. ‘फ्रीवेअर’ला पैसे नसत. ‘शेअरवेअर’ची रीत मात्र जांगडासारखी होती: आधी वापरून पाहा, पसंत पडला तर ठरलेली रक्कम पाठवा. मागायला कोणी दारात येत नाही म्हणून कारागिराची मजुरी बुडवणे व्यापाऱ्याला शोभत नाही.

आज ही गोदामे बहुतेक बंद झाली आहेत. सिमटेल २०१३ मध्ये बंद झाले. क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी २०२१ मध्ये एफटीपीची सोय काढून टाकली. पण इंटरनेट आर्काइव्हवर पुष्कळ जुने प्रोग्रॅम ब्राउझरमध्येच चालवून पाहता येतात. २०१६ पासून तेथे जुन्या व्हायरसांचे संग्रहालयही आहे. त्यांतला घातक भाग काढलेला आहे. डॉसचा प्रोग्रॅम उतरवूनच घ्यायचा असेल तर तो ६४ बिटांच्या विंडोजवर थेट चालत नाही. त्यासाठी डॉसबॉक्स हा मोफत प्रोग्रॅम लागतो.

मुलांना गंमत जरूर दाखवा. पण आपण कापडाचा तागा उलगडून पाहिल्याशिवाय घेत नाही, तोच नियम येथेही लावावा, एवढेच आमचे सांगणे आहे.